वसतिगृहामागच्या सायकलींचं काय करावं? वर्कशॉपमधल्या एका निदेशकाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. सिंधुदुर्गातलं एक महाविद्यालय, समुद्रापासून दोनेक किलोमीटरवर, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या पठारावर. वसतिगृहामागे चाळीस-पंचेचाळीस बेवारस सायकली पडून आहेत. प्राचार्यांनी एक रिकामी खोली आणि वीस हजार रुपये देऊ केलेत. सायकली दुरुस्त करून गरजू मुलामुलींना वापरायला द्यायच्या आहेत. तिथल्या प्राध्यापिकाबाई विचारतात, हत्यारं कोणती घ्यावीत, पैसे घ्यावेत की फुकट द्यावं, आणि ‘घरातल्या जुन्या सायकली आम्हाला द्या’ असं आवाहन गावात लगेच करावं का?

मॅडम, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आवाहन करू नका. निदान पहिलं वर्षभर तरी नाही.

मी रत्नागिरी जिल्ह्यात एका तंत्रशिक्षण संस्थेच्या वर्कशॉपमध्ये निदेशक आहे आणि हा सायकलींचा उद्योग आमच्याकडे अकरा वर्षं चाललाय. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात आम्ही नेमकं तेच केलं होतं. मे महिन्यात आवाहन केलं. आपल्याकडची माणसं वस्तू टाकत नाहीत, माळ्यावर चढवून ठेवतात. त्यामुळे कुणीतरी न्यायला तयार आहे म्हटल्यावर टेम्पो भरभरून सायकली आल्या. त्यात लहान मुलांच्या तीनचाकी आल्या, हँडल नसलेल्या आल्या, एक तर नुसती फ्रेम आणि तिला बांधलेली घंटी. खोली भरली. उरलेल्या व्हरांड्यात रचल्या आणि वर निळी ताडपत्री घट्ट बांधली. मृग लागला. दसऱ्याला ताडपत्री सोडली तेव्हा मे महिन्यात चकचकीत असलेल्या रिमांना गोवर आल्यासारखे पुळे आले होते आणि चेनी काठीसारख्या ताठ झाल्या होत्या. निम्म्याहून जास्त माल भंगारवाल्याने नेला. तो जाताना म्हणाला, “मास्तर, मेमध्येच दिल्या असत्या तर वजनाला तरी जास्त भरल्या असत्या.”

चूक आवाहनाची जेवढी, तेवढीच ताडपत्रीची. समुद्रकाठच्या हवेतलं मीठ लोखंडावर बसतं आणि हवेतली ओल स्वतःकडे ओढून घेतं. ताडपत्री पाऊस अडवते, पण आतली ओल बाहेर जाऊ देत नाही. चालती सायकल निदान वाऱ्याने सुकते, तिच्या सांध्यांतलं ग्रीस फिरत राहतं, आणि काही बिघडलं तर चालवणाऱ्याला आवाज ऐकू येतो. आपल्या किनाऱ्यावर उभी सायकल चालत्या सायकलीपेक्षा लवकर मरते. त्यामुळे तुमच्या खोलीत सायकली किती जमल्या याला फार अर्थ नाही. एखादी सायकल तिथे किती दिवस अडकून पडते ते बघा. आम्ही खोलीच्या फरशीवर रंगाने दहा पट्टे मारलेत. अकरावी सायकल आत यायची तर आधी एक बाहेर गेली पाहिजे, मग ती कुणाच्या ढुंगणाखाली जावो किंवा सुटी होऊन डब्यात जावो. या नियमावरून प्राचार्यांशी सुद्धा भांडलोय.

आता वसतिगृहामागच्या सायकलींबद्दल. त्या बेवारस दिसतात म्हणून तुमच्या होत नाहीत. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ७१ प्रमाणे, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्यावर ती नीट सांभाळायची जबाबदारी येते, मालकी येत नाही. मुलं हसतात, ‘सर, ह्या सडलेल्या सायकलीला कोण विचारतंय!’ पण विचारणारा बरोबर तेव्हाच उगवतो जेव्हा त्याची सायकल चकाचक होऊन दुसऱ्याच्या हातात गेलेली असते. आमच्याकडे एक माजी विद्यार्थी तीन वर्षांनी पदवी प्रमाणपत्र न्यायला आला आणि फाटकातच एका मुलीची सायकल धरून उभा राहिला. मुलगी रडवेली. बरं, सायकल खरोखर त्याचीच होती.

म्हणून फेब्रुवारीत प्रत्येक सायकलीला पिवळी फीत बांधा. सूचना फलकावर आणि मुलांच्या सगळ्या व्हॉट्सॲप गटांवर टाका की अमुक तारखेपर्यंत फीत सोडून न्या. जी खरोखर कुणाची आहे तिची फीत आठवडाभरात गायब होते. उरलेल्यांचा रेक्टर, सुरक्षारक्षक आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी यांच्यासमोर पंचनामा करा. फोटो, रंग आणि फ्रेम नंबर लिहा. नंबर बहुतेक वेळा पॅडलच्या धुरीखाली किंवा सीटखालच्या नळीवर ठोकलेला असतो, रॉकेलच्या बोळ्याने पुसल्याशिवाय दिसत नाही. (रॉकेल आता मिळत नाही, डिझेल चालतं.) ती यादी पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, एखादी चोरीचीही असू शकते. मग प्राचार्यांचा लेखी आदेश, आणि त्यानंतरच पाना लावायचा. त्यात संस्थेच्या स्वतःच्या जुन्या सायकली असतील, शिपायांना टपालासाठी घेतलेल्या वगैरे, तर त्या जडवस्तू नोंदवहीत आहेत. त्यांचं निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे नोंदवहीतून रीतसर कमी केल्याशिवाय, स्क्रूही काढू नका. कार्यालयातल्या भाऊसाहेबांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, चहा पाजा. हा उपक्रम पुढे-मागे कुठे अडला तर तो त्यांच्याच टेबलावर अडणार आहे.

आदेश हातात आला की निवड. इथे बहुतेक जण कंपनी बघतात, हिरो की ॲटलस की हर्क्युलिस. कंपनी बघू नका, चाक बघा. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत दोन आकडे असतात, त्यातला दुसरा खरा. ‘२६ इंची’ म्हणून दोन टायर तुमच्यासमोर येतील. एकावर ५०-५५९ असेल, दुसऱ्यावर ३७-५९०. हे एकमेकांच्या रिमवर काही केल्या बसत नाहीत, दोघं पाय लावून बसवायला गेलात तरी. जुन्या काळ्या २८ इंची सायकलीचा आकडा ६३५. पंचेचाळीस सायकलींत असे चार-पाच प्रकार निघतील. त्यातले ज्यांची संख्या जास्त असे दोनच प्रकार ठेवा, बाकीचे गरजेपुरते सुटे करून निकाली काढा. सगळं जपायला गेलं की प्रत्येक मापाच्या ट्यूब, टायर, स्पोक विकत घ्यावे लागतात आणि तुमचे वीस हजार दिवाळीआधी संपतात.

माझा अंदाज, पंचेचाळिसातल्या बारा-पंधरा रस्त्यावर येतील. बाकीच्यांतून सुटे भाग निघतील. पोरांना हे आधीच सांगा, नाहीतर पहिली सायकल सुटी करताना त्यांचं तोंड उतरतं.

निवडताना आधी सीटची नळी हलते का बघा. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची नळी असेल आणि खारी हवा लागली असेल तर दोन धातू एकमेकांना असे धरतात की वितळून एक झाल्यासारखे वाटतात. उलट हातोडे मारून मीही एक फ्रेम वाकवलीय. तेल सोडून दोन दिवस ठेवा, तरी हलली नाही तर ती सायकल सुटी करा. मग सायकल उलटी करा. पॅडलच्या धुरीच्या खोक्यातून पाणी आलं तर दचकू नका, सीटच्या नळीतून पावसाचं पाणी तिथे साचतं. आम्ही प्रत्येक सायकलीच्या त्या खोक्याला खालच्या बाजूला तीन-चार मिलिमीटरचं भोक पाडतो. शहरातल्या सायकलींना त्याची गरज पडतेच असं नाही, पण रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो कुठूनतरी आत शिरतोच.

चेन मोजायला यंत्र लागत नाही. अर्ध्या इंचावर एक पिन, म्हणजे चोवीस कड्यांना बरोबर बारा इंच. लोखंडी फूटपट्टी लावा. बारावर एक सूत, म्हणजे अष्टमांश इंच, वाढलं की चेन गेली. ती ठेवली तर दात्यांची पण वाट लावते.

ग्रीसच्या बाबतीत आपल्याला शेजार चांगला मिळालाय. बंदरावरच्या दुकानात बोटीच्या शाफ्टसाठी पाण्यात टिकणारं ग्रीस मिळतं, तेच घ्या. हब (चाकाचा मधला भाग), धुरी, हँडलचा सांधा, सीटची नळी, पॅडलचे आटे, सगळीकडे तेच. मागच्या हबला पाव इंची छर्रे, एका बाजूला नऊ. पुढच्या हबला तीन षोडशांश इंची, एका बाजूला दहा. छर्रे बदलायचे तर त्या बाजूचे सगळे बदला, जुन्या-नव्याची भेळ करू नका. आणि चेनला खोबरेल तेल लावणारा एक तरी महाभाग तुम्हाला भेटेल. घरात मुबलक असतं म्हणून लावतात. काही दिवसांत ते चिकट होतं, त्यावर जांभ्याची तांबडी धूळ बसते आणि चेनवर पॉलिश पेपर घासल्यासारखं होतं.

हत्यारांची यादी मागितलीत. रिंगपाने आणि डबल पान्यांचा संच, हबच्या कोनाचे (छर्रे जागेवर धरणाऱ्या नटाचे) पातळ पाने, १५ चा पॅडलपाना, स्पोकचे निपल फिरवायची चावी, चेन तोडायचं यंत्र, फ्रीव्हील म्हणजे मागचं दातेरी चक्र काढायची चावी (हिचे दोन-तीन प्रकार येतात, आधी हातातल्या सायकली बघून घ्या), क्रँक (पॅडलचा दांडा) ओढायचा पुलर, टायर उचकटायच्या पट्ट्या, पायाने दाबून भरायचा चांगला पंप आणि बाकाला बसवलेला मजबूत वाइस. वाइसवर पैसे वाचवू नका. वाइसमध्ये जुना फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) उलटा पकडला की चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायचं स्टँड फुकटात तयार होतं. सायकल टांगायला विकतचं स्टँड नको, वरच्या वाशाला दोन दोर बांधा, एक सीटला, एक हँडलला. जुन्या सायकलींच्या कॉटर पिना (क्रँक धुरीला घट्ट धरणाऱ्या) हातोडीने काढायला मुलांना देऊ नका, पिनेचं टोक चेपतं आणि मग ड्रिल मारत बसावं लागतं. आमच्या वेल्डिंगच्या विद्यार्थ्यांनी सी-क्लॅम्पला नळीचा तुकडा जोडून दाबयंत्र केलंय, ते उत्तम चालतं. आणि पहिल्याच दिवशी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा: डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. तरी कुणीतरी पाना उलटा फिरवून क्रँकचे आटे खाणारच, पण फळ्यावर लिहिलेलं असलं की ओरडायला तोंड राहतं.

हे सगळं मिळून तुमच्या वीस हजारांतले निम्मे जातील. बाकी टायर-ट्यूब, ब्रेक रबर, वायरी आणि छर्ऱ्यांना ठेवा.

ब्रेकवर मात्र मी जरा लांबण लावणार आहे. सड्यावर सायकल चालवणं सोपं, पण तुमची मुलं सड्यावरून खाली बाजाराकडे, बंदराकडे उतरणार. जुन्या सायकलींच्या रिमा क्रोमच्या लोखंडी. ओल्या लोखंडी रिमवर रबर जवळजवळ पकडतच नाही, ब्रेक दाबल्यावर चाक दोन-चार वेढे घेऊन पाणी पुसतं आणि मग कुठे वेग कमी व्हायला लागतो. उतारावर तेवढ्यात वळण आलेलं असतं. ॲल्युमिनियमच्या रिमा पावसात कितीतरी बऱ्या. म्हणून आमचा नियम असा की ज्याची रोजची वाट घाटीची आहे त्याला लोखंडी रिमची सायकल द्यायची नाही, सड्यावर वसतिगृह ते प्रयोगशाळा एवढंच करणाऱ्याला द्यायची. दोन्ही ब्रेक चालत असल्याशिवाय कुठलीच सायकल खोलीबाहेर जात नाही, ‘नुसती चक्कर मारून आणतो’ म्हणणाऱ्याचीही नाही. पहिली काही वर्षं मी हे तोंडी सांगायचो. एका मुलाने जूनमध्ये उतारावर हात मोडून घेतला तेव्हापासून तपासणीचा कागद आहे. त्यावर ज्याने सायकल जुळवली त्याची एक सही, आणि ज्याने तिला हात लावलेला नाही अशा दुसऱ्याची एक.

चढावर मुलं उतरून ढकलतात, त्यावर स्वस्त उपाय आहे. साध्या सायकलीला पुढे ४४ आणि मागे १८ दाते असतील तर पॅडलच्या एका फेऱ्यात चाक २.४४ वेळा फिरतं. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील टाकलं की २ वेळा. चेन थोडी लांबवावी लागते. सपाटीवर वेग कमी होतो, पण चढ बसून निघतो. गिअरच्या सायकलींच्या मागे लागू नका, त्यांचे डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारी यंत्रणा) आपल्या मिठात आणि हॉस्टेलच्या हाताळणीत फार दिवस टिकत नाहीत.

आता पैसे. फुकट देऊ नका आणि विकूही नका. अनामत घ्या. आमच्याकडे पाचशे रुपये आहेत, ज्याला तेही जड जातात त्याच्याकडून खोलीत दहा तास काम. एप्रिलमध्ये, परीक्षा संपायच्या आधी, सायकल परत आणली की पैसे परत. मुळात हॉस्टेलमागचा ढीग तयार कसा होतो? शेवटचा पेपर झाला की पोरगं बॅग उचलून गाडी पकडतं, सायकल बरोबर न्यायची सोय नसते, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणून ती तिथेच राहते. त्या पाचशे रुपयांसाठी ती आमच्या दारात येते. घेताना प्रत्येक सायकलीवर क्रमांक रंगवा आणि तो एकाच माणसाच्या नावावर लिहा. ‘सगळ्यांसाठी मोकळ्या सायकली, कुणीही घ्या, कुठेही सोडा’ ही कल्पना दर दोन-तीन वर्षांनी एखाद्या हुशार मुलाला सुचते. १९६५ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये प्रोव्हो नावाच्या तरुणांच्या गटाने पांढऱ्या रंगाच्या सायकली अशाच रस्त्यावर सोडल्या होत्या. कुलूप नसलेली सायकल रस्त्यात ठेवणं नियमाविरुद्ध म्हणून पोलिसांनीच त्या उचलून नेल्या. आपल्याकडे पोलीस यायच्या आधी त्या विहिरीत सापडतील.

पावतीपुस्तक स्वतंत्र ठेवा आणि अनामतीच्या पैशाला हात लावू नका. ती रक्कम मुलांची आहे.

मनुष्यबळाची काळजी नको. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम दाखवावं लागतं, दोन वर्षांत २४०. झाडू आणि फेरी यांत हे तास भरायला कार्यक्रम अधिकारी नेहमीच मेटाकुटीला आलेले असतात. त्यांना सांगा, दर शनिवारी तीन तास, हजेरी मी देते. ते तुमचे पाय धरतील. मुलींसाठी वेळ संध्याकाळी उशिराची ठेवू नका, आणि पहिल्या महिन्यात एक शनिवार फक्त मुलींचा ठेवा. मिश्र गटात पाना आपोआप मुलांच्या हातात जातो आणि मुली वही लिहायला बसतात. आमच्याकडे चाकाचा आउट सगळ्यात सरळ काढणारी एक फिशरीजची मुलगी होती. जाळं विणणाऱ्या घरातली, स्पोकच्या ताणाचा अंदाज तिच्या बोटांत होता.

एक गोष्ट विसरू नका, नाक्यावरचा सायकलवाला. तुमच्या गावात एखादा तरी उरला असेल. तुम्ही फुकट पंक्चर काढायला लागलात तर त्याचं उरलंसुरलं पोट तुम्ही मारलंत. आमच्या नाक्यावरच्या काकांनी पहिल्या वर्षी माझ्याशी बोलणं सोडलं होतं. मी त्यांच्याकडे गेलो आणि म्हटलं, “काका, शनिवारी या. मानधन देतो.”

“मास्तर, तुमची पोरं मला शिकवतील आता,” म्हणाले आणि पाना पुसत राहिले. मी तिथेच बसलो. शेवटी उठताना म्हणाले, “ओव्हरऑइल कराचा कसा, येता काय कोणाला?”

ओव्हरऑइल म्हणजे सगळं खोलून, साफ करून पुन्हा जोडणं. नव्हतंच येत कुणाला. मलाही पुस्तकातलंच येत होतं. ते आले, घमेल्यात डिझेल ओतून पहिला हब सोडला, आणि छर्रे बोटावर फिरवून कुठला टाकायचा ते न बघता सांगितलं. तेव्हापासून ठरलंय. शनिवारी मानधन त्यांचं, बाहेरच्या गिऱ्हाईकाचं काम त्यांच्याकडे, आणि आमच्या खोलीत फक्त तेच काम जे मालक स्वतःच्या हाताने करायला तयार आहे. कुणी सायकल टेकवून ‘सर, जरा पंक्चर बघा’ म्हणाला की पोरंच सांगतात, “हात लाव, मग बघू.” सुटे भागही शक्यतो काकांच्या दुकानातून घेतो. शहरात दोन रुपये स्वस्त पडतात, पण चुकीचा कोन आणला तर काका बदलून देतात.

वर्षाची आखणी पावसावर ठेवा. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो. २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी तो ठरवला तेव्हा कोकणचा मृग त्यांच्या डोळ्यांसमोर नसणार. त्या दिवशी आम्ही काहीच करत नाही, ढगांकडे बघत फेरी काढण्यात अर्थ नाही. एप्रिलमध्ये सायकली परत येतात. मेमध्ये चांगल्या-वाईटाची निवड उरकते, भंगार मे संपायच्या आत जातं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी वर ओढून डागडुजी चालते. आमचंही तसंच, हे दोन महिने सगळं काम आत. हब खोला, धुरी खोला, चेनी डिझेलमध्ये बुडवा, नटबोल्ट डब्यांत लावा. नवीन प्रवेश आणि गणपती यांच्या गडबडीत कुणी सायकल घेत नाही, जबरदस्तीने दिली तर ती पावसात हॉस्टेलमागेच उभी राहते. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते, सायकलींना झेंडूच्या माळा घालतो आणि दुसऱ्या दिवसापासून वाटप. तेव्हा पाऊस ओसरलेला असतो आणि पुढचे सात महिने रस्ते कोरडे. अपवाद फक्त त्या मुलांचा, ज्यांना एसटी सोयीची नाही आणि पावसातही सायकलच लागते. त्यांना जूनमध्येच द्या, ॲल्युमिनियम रिमच्या द्या, आणि दर पंधरा दिवसांनी दाखवायला सांगा. दाखवायला म्हणजे काय, तर गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, चेनला तेल घालून. किनाऱ्यावरून वाळूतून आणलेली सायकल त्याच संध्याकाळी धुवायची. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने नाही, त्याने हबमधलं ग्रीस निघून जातं. तांब्याने पाणी घालून धुवायची.

सुट्या भागांतून उरलेल्या ट्यूबा कापून कॅरिअरला सामान बांधायचे पट्टे करा, मुलं हौसेने नेतात. फाटके टायर कुणी होळीत टाकणार नाही एवढं बघा.

तुमचं पत्र जानेवारीत आलंय, वेळ बरोबर साधलीत. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात फिती बांधून टाका. खोलीचं छप्पर गळतं का ते आत्ताच बघून घ्या, जूनमध्ये कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. आमच्याकडे कॉटर पिन काढायची दाबयंत्रं दोन आहेत, एक पडूनच असतं. तुमच्या बाजूला येणारं कुणी मिळालं की पाठवतो.